पहिला वाटा

मी मेलांथा गावचा दवंडीवाला. सभेनं ठराव केला की बाजारातल्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि तो गावाला ओरडून सांगायचा, हे माझं काम. एकेचाळीस वर्षं झाली त्याला. ठराव शहाणपणाचा आहे की खुळेपणाचा, हे बघणं माझ्याकडं नाही. तसं बघत बसलो असतो तर वर्षातले दहा महिने मुक्यानं काढावे लागले असते. माझी थोरली बहीण अराता म्हणायची, "देवानं तुला आवाज दिला आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. अक्कल द्यायची राहूनच गेली." तिचं माझ्याबद्दलचं मत बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आधी गावाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. समुद्रापलीकडून थेरा बेटावरचे ग्रीक लोक दुष्काळाला कंटाळून या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी किरेने वसवलं. किरेनेच्या राजाचं भावांशी पटेना, म्हणून भाऊ रुसून निघाले आणि त्यांनी बार्का वसवलं. बार्कात पुन्हा भाऊबंदकी झाली, तेव्हा मेलांथोस नावाचा आमचा मूळपुरुष चाळीस घरं आणि दोनशे मेंढ्या घेऊन डोंगर उतरला. ते आमचं मेलांथा. नवं गाव वसवायला ग्रीक माणसाला दोनच कारणं लागतात, पोट नाहीतर भाऊ. पुढं इराणी आले, मग इजिप्तचे राजे आले. त्यातल्या शेवटच्या राजाला मूलबाळ नव्हतं, त्यानं मरताना आख्खा मुलूख रोमच्या नावे करून टाकला. आम्हाला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून आमचा सुभेदार रोमहून येतो, अर्धं वर्ष समुद्रापलीकडं क्रीटमध्ये राहतो आणि उरलेलं अर्धं वर्ष क्रीट कसं छान आहे ते आम्हाला सांगतो.

एवढं सगळं झालं, पण आम्ही ग्रीक ते ग्रीकच. निदान आमची तशी समजूत होती. बार्काची माणसं आम्हाला "शेरडांतले ग्रीक" म्हणायची. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग रोमच्या सम्राटानं अथेन्समध्ये ग्रीक शहरांचा संघ काढला. ज्या शहरांचं मूळ अस्सल ग्रीक, तीच त्यात जाणार. किरेने गेलं. बार्कावाले गेले आणि वर ते सांगायला मुद्दाम माणूसही पाठवला. आमच्या सभेत त्या दिवशी कुणी जेवलं नाही. दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला आणि सात महिन्यांनी अथेन्सहून चौकशीला एक माणूस आला, फिलिनोस नावाचा. चाळिशीचा, किडकिडीत, नाकाची साल उन्हानं सोललेली. बोलणं इतकं मऊ की आपल्याला नाही म्हटलंय हे घरी गेल्यावर कळावं.

त्यानं मूळपुरुषाची समाधी पाहिली. देवळातले जुने ठराव वाचले. बाजारात म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या आणि आमची बोली ऐकून खूश झाला. म्हणाला, असे शब्द आता थेरातही ऐकू येत नाहीत. सभापती दामिस तर हवेतच तरंगायला लागला. दामिसकडं गावातला सर्वांत मोठा मेंढ्यांचा कळप आणि सर्वांत लहान धीर. त्यानं त्या दुपारी फिलिनोसला जेवायला बोलावलं. चार सभासद होते, मी होतो. जव, मध, ऑलिव्ह, कोकराचं मटण, सगळं यथासांग. आणि फिलिनोस काही विचारत नसताना दामिसनं आपणहून तोंड उघडलं.

"आमच्या बायकांचं तर तुम्हाला सांगायचंच राहिलं," तो म्हणाला. "तुमच्या अथेन्सच्या बायका गाईबैलाचं मांस खातात का हो?"

"सणाला खातात की," फिलिनोस म्हणाला. "सगळेच खातात."

"बघा!" दामिसनं मांडीवर थाप मारली. "आमच्या बायकांनी साडेसहाशे वर्षांत तोंडाला लावलेलं नाही. थेराहून आलेला जुना नेम हा. तुमच्याकडं सुटला, आम्ही टिकवला! काय?"

चौघा सभासदांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. फिलिनोस काहीतरी लिहून घेत होता, तो थांबला.

"सभापती," तो म्हणाला, "हा नेम ग्रीकांचा नाही. कुठल्याच ग्रीकांचा नाही."

"म्हणजे?"

"वाळवंटातल्या लिबियन मेंढपाळांच्या बायका हा नेम पाळतात. त्यांच्याकडं तो नाईलच्या काठावरून आला. तुमच्याकडं कसा आला ते तुम्हीच सांगा."

कुणी सांगायची गरज नव्हती. थेराच्या जहाजांमध्ये बायका नव्हत्या हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. लिबियन मुलींशी लग्नं झाली हेही सांगतं. फक्त या दोन गोष्टी साडेसहाशे वर्षांत आम्ही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. बापानं आपली बोली दिली, देव दिले, भांडणं दिली, आणि स्वयंपाकघरात आईनं काय दिलं ते बघायला कुणी आत गेलंच नाही. दामिसचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला.

फिलिनोस दुष्ट नव्हता. तोच म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहितो. परवा तुमच्या मूळपुरुषाचा सण आहे ना? पुजारीणबाई त्याच्या बैलाचा पहिला वाटा घेतात असं ऐकलं. ग्रीक पुजारीण घेते तसा त्यांनी घेतला, तर मी तसं लिहीन."

पुजारीण म्हणजे माझी बहीण अराता.

हे पुजारीपण आमच्या घराण्यातलं, मेलांथोसच्या रक्तातलं. त्या पिढीत आम्ही दोघंच उरलो होतो, ती आणि मी. सणाला समाधीपुढं बैल कापतात, काळीज आणि मांड भाजतात, आणि पहिला तुकडा ऑलिव्हच्या पानांवर पुजारणीच्या हातात देतात. एकदा हातात आला की तो जमिनीला लागता कामा नये, परत विस्तवावर जाता कामा नये, आणि मेलांथोसच्या रक्ताशिवाय दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. तो कुणाच्या तरी पोटात गेला की मगच गाव जेवतं. पण आमची पुजारीण तर बैलाचं मांस खात नाही. म्हणून ती तो वाटा डावीकडं वळून भावाच्या ओंजळीत ठेवते आणि भाऊ खातो. आईनं तो मामाला दिला, अरातानं मला दिला. सदतीस वर्षं मी बहिणीच्या वाटणीचं खात होतो. फिलिनोसनं मला विचारलं, "बैल कापलेला चालतो, मग खाल्लेला का चालत नाही?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून करतोय.

सभेनं मला तिच्याकडं पाठवलं. ती अंगणात लोकर विंचरत बसली होती. पासष्ट वर्षांची, पण हात असे चालायचे की बघणाऱ्यानं दमावं. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय, ताई! तो नेम लिबियन निघाला."

"निघाला तर निघाला. तो काय घर सोडून निघालाय?"

"आपण ग्रीक ना?"

"मी कधी नाही म्हटलं? बाप ग्रीक, आजा ग्रीक, तू तर इतका ग्रीक की ओरडल्याशिवाय तुला घास उतरत नाही. पण हे मला बापानं नाही शिकवलं, आईनं शिकवलं. तिला तिच्या आईनं. त्यांच्यातली पहिली कोण होती, काळी का गोरी, मला काय करायचंय?"

"एक घास, ताई. नुसता एक."

आता तिनं फणी खाली ठेवली. "लहानपणी मी आईला विचारलं होतं, का नाही खायचं म्हणून. ती मला गोठ्यात घेऊन गेली. वासरू मेलं होतं आणि गाय हंबरत होती. तीन दिवस हंबरत होती. आई म्हणाली, जिचं रडणं आपल्याला कळतं, तिला आणि तिच्या लेकरांना खायचं नाही. बस. यात ग्रीक कुठं आलं आणि लिबियन कुठं आलं? तुझ्या त्या अथेन्सवाल्याला विचार, त्याच्याकडं गाई दुसऱ्या भाषेत रडतात का."

मी खाली पडलेली लोकर गोळा करायला लागलो.

"आयुष्यात मी बाकी काय पाळलं, प्राती?" ती जरा हळू आवाजात म्हणाली. "नवरा गेला, दोन लेकरं गेली, रागाच्या भरात देवांनाही नाही नाही ते बोलले. हे एवढंच एक अख्खं राहिलंय माझ्याजवळ. ते मी अख्खंच घेऊन जाणार. परवा मी वळेन आणि तुला वाटा देईन. तू घेशील. गावाला राग आला तर येऊ दे. घेशील ना?"

"घेईन," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगं, सदतीस वर्षं कोण घेतंय?"

तिनं फणी पुन्हा उचलली आणि मला मधात मळलेली जवाची भाकरी दिली. मी ती खात खात दामिसकडं गेलो.

दामिसनं सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण नाही केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"प्रातिस," तो म्हणाला, "अथेन्सला संघाचे खेळ होणार आहेत. धावणं, कुस्ती, आणि दवंडी देणाऱ्यांचीही स्पर्धा. प्रत्येक शहराचा एक. बार्काचा तो घोगरा म्हातारा जाणार म्हणे."

"तो? त्याला शेजारच्या गल्लीत ऐकू जात नाही!"

"तेच म्हणतो मी. आपण संघात गेलो असतो तर आपल्याकडून कोण गेला असता?"

त्याला उत्तर ठाऊक होतं, मलाही होतं. अथेन्सच्या खेळात उभं राहून आख्ख्या ग्रीक जगाला ऐकू जाईल अशी आरोळी द्यायची, हे मी विशीपासून मनात घोळवत होतो. बार्कात एकदा स्पर्धेला गेलो होतो, तर दारातल्या माणसानं विचारलं होतं, "आई कुठली?" आणि सगळे हसले होते. ती गोष्ट मी अराताला कधी सांगितली नव्हती. दामिसला मात्र दारूच्या भरात सांगून बसलो होतो.

"तुला काही करायचंच नाहीये," दामिस म्हणाला. "नुसते हात मागे ठेवायचे. वाटा खाली टाकता येत नाही, विस्तवावर ठेवता येत नाही, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ती पुजारीण आहे, तिला हे तुझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकीचं आपोआप होईल."

मी हो म्हटलं. अर्ध्या दिवसात दोघांना हो म्हटलं. एकाच तोंडानं.

सणाची सकाळ उजाडली. ऊन छान होतं, वारा समुद्रावरून येत होता. समाधीपुढं सगळं गाव उभं, पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. बायकांना कुणकुण लागली होती, त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. फिलिनोसला सभापतीशेजारी खुर्ची दिली होती. अराता पांढऱ्या वस्त्रात होती, डोक्यावर ऑलिव्हची डहाळी. तिनं जव उधळले, मेलांथोसला हाक मारली, खाटकानं बैल पाडला. धूर झाला, वास सुटला. पोरं ओठ चाटायला लागली. मग पानांवरचा तुकडा तिच्या हातात आला.

ती डावीकडं वळली. मी तिथंच होतो, दर वर्षी जिथं असतो तिथं. हात मागे होते.

आधी तिला वाटलं मी विसरलोय. तिनं भुवई उडवली, लहानपणी मला जेवायला बोलवताना उडवायची तशी. मी हलेना. तुकडा गरम होता, चरबी पानांतून गळून तिच्या मनगटावर येत होती.

"प्राती," ती हळूच म्हणाली. "घे ना रे."

मी समाधीकडं बघत राहिलो. दगडावर एक भेग होती, ती वरून खाली बघितली आणि मग खालून वर बघितली.

"हात भाजतायत माझे," ती म्हणाली.

मागे कुणी खाकरलं. बहुतेक दामिस. मी हात मागेच ठेवले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं होतं, एवढं आठवतं.

मग तिला कळलं. ते मला तिच्या तोंडाकडं न बघताही समजलं, कारण तिनं पुन्हा मागितलं नाही. ती समोर वळली, तुकडा तोंडात घातला आणि खाल्ला. घाईनं गिळला नाही. नीट चावून खाल्ला, पुजारणीनं खावा तसा. डोळ्यांत पाणी नव्हतं. उजवीकडच्या पुरुषांनी आरोळी ठोकली. डावीकडं कुणी हललं नाही.

पुढचं काम माझं होतं. "पुजारणीनं वाटा घेतला, गावानं जेवावं!" असं ओरडायचं असतं. मी ओरडलो. लाज वाटते सांगायला, पण आयुष्यात इतका मोकळा आवाज माझा कधी लागला नव्हता.

जेवणं झाल्यावर मी तिला शोधत गेलो. बायका तिला विहिरीवर घेऊन गेल्या होत्या. कुणी पाणी ओढत होतं, कुणी ओव्याचा पाला चुरून तिला चूळ भरायला देत होतं. मला वाटलं होतं त्या तिला वाळीत टाकतील. तसं काही झालं नाही. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "तुझ्याकडं नाही गं दोष, तुझ्याकडं नाही." मला बघितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. मी तिथूनच परत फिरलो.

चार महिन्यांनी संघाचं पत्र आलं. मीच चौथऱ्यावर उभं राहून वाचलं. मेलांथा हे अस्सल ग्रीक मुळाचं शहर; मूळपुरुषाची समाधी, जुने ठराव आणि बोली यांवरून हे सिद्ध होतं, असं त्यात होतं. वाट्याचा, पुजारणीचा, बैलाचा कुठं शब्दही नव्हता. मी पत्र उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. गावानं दोन दिवस दारू प्यायली.

अथेन्सलाही गेलो मी. बारा दवंडीवाल्यांत नववा आलो. बार्काचा घोगरा म्हातारा सहावा आला. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

परत आलो तेव्हा अराता माझ्याशी पहिल्यासारखीच बोलली. अथेन्सच्या बायका कसली वस्त्रं नेसतात ते विचारलं, मला बारीक झालास म्हणाली, वाडगं भरून आमटी दिली. एकदाही तिनं तो विषय काढला नाही. मी दोनदा काढला. पहिल्यांदा ती म्हणाली, "आमटीत मीठ बरं आहे का?" दुसऱ्यांदा ती उठून शेळीला पाला घालायला गेली. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची, सोडून दिलं तिनं. खरंच तसं वाटलं मला, आणि मला बरंही वाटलं.

पुढच्या सणाच्या आधी दामिस आपणहून माझ्याकडं आला. म्हणाला, "आता कुणी बघायला येणार नाही. काम झालं. म्हातारीला कशाला त्रास? जुनी पद्धत चालू कर." मी धावतच तिच्याकडं गेलो आणि सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

सणाला मी पहाटेच न्हालो. हात दोनदा घासले. बैल पाडला, धूर झाला, आणि तुकडा तिच्या हातात येण्याआधीच मी ओंजळ पुढं केली. बायका माझ्याकडं बघत होत्या, मला पर्वा नव्हती. तिनं पानं हातात घेतली. सवयीनं असेल, ती डावीकडं जराशी वळली. माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात आपल्याला नको असलेल्या मालाकडं बघतो ना, तसं.

"घे की, ताई," मी म्हटलं. "म्हणजे दे. दे मला."

"राहू दे, प्रातिस," ती म्हणाली. "आता काय वाचवायचंय?"

आणि तिनं तो घास आपल्याच तोंडात घातला. सगळं गाव बघत होतं. ती समाधीकडं तोंड करून सावकाश चावत राहिली, आणि मी दोन्ही हात तसेच पुढं धरून उभा होतो.